ताईनंतर उघडलेला वर्ग

ताई आठवीत शाळेत पहिली आली आणि तिची शाळा संपली.

यात कुणी मुद्दाम काही वाईट केलं असं नव्हतं. हिंदी मुलखातल्या आमच्या मोहल्ल्यातली सरकारी कन्या शाळा आठवीपर्यंतच होती. नववीसाठी रेल्वेचं फाटक ओलांडून, दोन मिलच्या गेटांसमोरून, पाऊण तास चालत दुसऱ्या शाळेत जावं लागे. पाळी सुटायच्या वेळेला त्या रस्त्यावर इतकी माणसं असत की सायकल हातात धरून चालावं लागायचं. आईनं एकदा तो रस्ता स्वतः चालून पाहिला. घरी आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "नको."

बाबा मिलमध्ये विणाई खात्यात होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांवर कापसाची बारीक लव असे, म्हातारे झाल्यासारखे दिसत. ते म्हणाले, "आठवी भौत झाली. मी तर सातवीतूनच मिलमध्ये गेलो." ताई दोन दिवस जेवली नाही एवढंच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडे शिवण शिकायला जाऊ लागली. सतरा वर्षांची झाली तेव्हा तिचं लग्न झालं. नवऱ्याचं मानपूरला, बंबई-आग्रा रोडवर, ट्रकचे टायर दुरुस्त करायचं दुकान होतं. माणूस सरळ होता. कुणी विचारलं असतं तर आम्ही सगळे म्हणालो असतो की चांगलं झालं.

मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. अभ्यासात तिच्या अर्धीसुद्धा नव्हते. गणितात काठावर, इंग्रजीत काठाच्या खाली. पण ताईच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात शाळेच्या मागच्या अंगणात दोन खोल्या उभ्या राहिल्या. वर सिमेंटचे पत्रे, भिंती अजून ओल्या. शाळा दहावीपर्यंत झाल्याचं समजलं. कुणी अर्ज केला होता, कुणाच्या सहीनं ते झालं, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. जुलैमध्ये मी आठवीच्या वर्गातून उठले आणि अंगण ओलांडून नववीच्या वर्गात जाऊन बसले. आईला विचारायची वेळच आली नाही. गेट तेच, रस्ता तोच, घरापासून सहा मिनिटं.

इतकी साधी गोष्ट. पुढं आयुष्यात अनेकदा लोकांनी मला विचारलं की तुम्ही बहिणी-बहिणी, मग तुमचं इतकं वेगळं कसं झालं. मी कधी जिद्द वगैरे सांगत नाही. मी त्या दोन खोल्यांचं सांगते.

नववीची सहामाही झाली आणि मिल बंद पडली. एकदम नाही. आधी रात्रपाळी गेली, मग आठवड्यातले दोन दिवस गेले, मग एका सकाळी गेटवर कागद चिकटवलेला दिसला. त्या दिवसांत रेडिओवर सारखं उदारीकरण, नवीन धोरण असं काहीतरी चालू असे. बाबा ऐकत आणि म्हणत, "हे आपल्यासाठी नाही चाललेलं." तरी रोज सकाळी डबा घेऊन ते गेटवर जात. शंभर-दोनशे माणसं तिथं सतरंजी टाकून बसत. गेट उघडेल, बोलणी चालू आहेत, दिल्लीहून कुणीतरी येणार आहे. संध्याकाळी डबा रिकामा करून परत. भुवया आता काळ्याच्या काळ्या. आम्हाला ते तरुण वाटू लागले आणि त्याचंच वाईट वाटायचं.

वर्गात आम्ही एकतीस जणी होतो. वर्ष संपेपर्यंत बावीस राहिलो. ज्यांचे वडील मिलमध्ये होते त्या मुली घरी बसून पापड लाटायला लागल्या, कुणी धुणीभांडी धरली, दोघींची लग्नं झाली. माझ्या बाकावरची मुलगी एक दिवस आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि मग तिची लहान बहीण येऊन तिची भूमितीची पेटी माझ्याकडे देऊन गेली. म्हणाली, "दीदीनं सांगितलं, तुला लागेल." मी ती घेतली. घ्यायला नको होती असं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

माझं नाव का कापलं गेलं नाही? त्याचंही कारण फार मोठं नाही. बाबांचा स्वभाव निर्णय टाळायचा होता. गेट उघडेपर्यंत घरात काहीच बदलायचं नाही असं त्यांनी मनाशी धरलं होतं. माझी शाळा चालू होती, म्हणून ती चालू राहिली.

आमच्या शाळेत सगळ्या शिक्षिकांना बहनजी म्हणायची पद्धत होती. विज्ञान शिकवायला ज्या आल्या त्यांना मात्र आम्ही मॅडम म्हणायला लागलो, कारण त्या घड्याळ उजव्या हातात बांधत आणि खुर्चीवर बसत नसत. प्रयोगशाळा नव्हती. मॅडम पिशवीतून वस्तू आणत. बकऱ्याचं फुप्फुस आणलं होतं एकदा, कसायाकडून, आणि त्यात सायकलच्या पंपानं हवा भरून दाखवली होती. निम्म्या मुली बाहेर पळाल्या. मी पहिल्या बाकावर सरकले.

दहावीच्या हिवाळ्यात त्यांनी मेडिकल कॉलेजमधल्या आपल्या एका मैत्रिणीला बोलावलं आणि आम्हा सगळ्यांचं रक्त तपासायचं ठरवलं. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा आणि एका छापील पट्टीवरच्या लाल रंगांशी ताडून पाहायचा. पट्टीवर वरून खाली लाल रंग फिकट होत गेलेला. वर अगदी गर्द, खाली पाणी घातलेल्या गुलाबी सरबतासारखा. मॅडमनी पट्टी माझ्या हातात दिली. "तेरी नज़र अच्छी है. तू मिला के बता."

त्या दिवशी मी बावीस मुलींचं रक्त पाहिलं. माझं स्वतःचंसुद्धा. पट्टीच्या वरच्या रंगाला एकही मुलगी पोचली नाही. मॅडमची मैत्रीण वहीत लिहीत होती आणि मी एकेक सांगत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की आम्ही आळशी आहोत, आम्हाला पहिल्या तासालाच झोप येते, जिना चढताना दम लागतो, हे जे आम्हाला रोज ऐकावं लागायचं त्याला एक रंग आहे. मॅडमनी मग कारण सांगितलं, खाणं सांगितलं, लोहाच्या गोळ्या वाटल्या. डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहायला शिकवलं. आत लाल असायला हवं. आम्ही आठवडाभर मधल्या सुट्टीत एकमेकींच्या पापण्या ओढत होतो.

जानेवारीत ताई बाळंतपणासाठी आली. सातवा महिना होता. भाऊजी तिला बसनं घेऊन आले, तासभर थांबले आणि दुकानासाठी परत गेले. आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या. ताई दुसरीवर थांबली. भिंतीला हात लावला, श्वास घेतला, मग तिसरी चढली. पाय सुजलेले. चेहरा गोरा झाला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघा, पोरगी कशी उजळलीय. मुलगी होणार."

दुसऱ्या दिवशी मी तिला चुलीमागं माती खाताना पाहिलं. पोतेऱ्याची, चूल सारवलेल्या मातीची, वाळलेली खपली तोडून ती तोंडात टाकत होती.

"ताई, काय खातेस?"

ती लाजली. "आईला नको सांगू. वास चांगला येतो ग. तिकडे तर मी रोज खाते."

"आणि जेवतेस काय?"

"सगळ्यांचं झालं की जे असेल ते. चहा असतो ना दोन-तीनदा."

मी तिला उजेडात आणलं, मान वर करायला सांगितली आणि पापणी खाली ओढली. दुधी भोपळ्याची फोड आतून असते तसा रंग होता. मला वाटलं मी चुकीचं बघतेय. दुसरी पापणी ओढली. तीही तशीच.

आईला सांगितलं तर आई पीठ मळता मळता म्हणाली, "पहिलटकरणीला असं होतंच. तुझ्या वेळेला माझे पाय पण सुजले होते. दोन पुस्तकं काय वाचली, डॉक्टरीण झाली का तू?"

"आई, माझ्या वर्गात सगळ्यात कमी रक्त जिचं निघालं ना, तिची पापणी पण अशी नव्हती."

"जा, अभ्यास कर. दोन महिन्यांवर परीक्षा आहे तुझी."

बाबा गेटवर होते. मी कुणाला सांगणार? मग मी ताईला म्हटलं, चल, तुला शाळेत नवीन वर्ग दाखवते. ती लगेच तयार झाली. साडी बदलली, केस विंचरले. सहा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला वीस मिनिटं लागली. ती दर दोन-तीन घरांमागं थांबत होती आणि थांबण्याची कारणं शोधत होती. हे घर नवीन झालं का, ही शेळी कुणाची.

मधली सुट्टी होती. शाळेच्या व्हरांड्यात एक काळा फळा होता, त्यावर दरवर्षी आठवीत पहिल्या येणाऱ्या मुलीचं नाव पांढऱ्या रंगानं लिहीत. ताईचं नाव तिथं होतं. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मागच्या अंगणात आली आणि नववीच्या वर्गाच्या दारात उभी राहिली. आत गेली. तिसऱ्या बाकावर बसली, पोट सांभाळत, तिरकी होऊन. पुढच्या बाकावर कुणाचं तरी विज्ञानाचं पुस्तक पडलं होतं, ते उघडून चाळायला लागली.

"इतकीच मोठी खोली आहे?" ती म्हणाली.

"हो. आणि बाजूची दहावीची."

"मला वाटलं मोठी असेल."

मला तिथं रडू आलं असतं, पण तेवढ्यात मॅडम आल्या. मी त्यांना आधीच निरोप दिला होता. त्यांनी ताईशी काही प्रस्तावना केली नाही. पापणी पाहिली, नखं पाहिली, जीभ पाहिली. पायावर अंगठा दाबला, खड्डा तसाच राहिला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "पिताजी कहाँ हैं?"

"मिल के गेट पे."

"बुला के ला. अभी."

मी पळत गेले. गेटवर कुणीतरी भाषण करत होतं. मी माणसांच्या मधून वाट काढत बाबांपर्यंत पोचले. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि चप्पल घालायच्या आधीच उठले. शाळेत पोचलो तर मॅडमनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती आणि आईलाही घरून आणवलं होतं. आई डोक्यावर पदर घेऊन उभी, घाबरलेली आणि थोडी चिडलेली. मॅडम तिला म्हणाल्या, "माताजी, मैं ग़लत निकली तो आप मुझे जो चाहे कह लेना. पर आज ही दिखाना है." आम्ही पाच जण दोन रिक्षांतून मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो.

तिथं मी पहिल्यांदा काचेच्या नळीतलं रक्त पाहिलं. ताईचं रक्त. जे तपासत होते त्यांनी ते उजेडात धरलं, पुन्हा एकदा केलं आणि आकडा लिहिला. डॉक्टरीणबाई तो वाचून बाबांना म्हणाल्या, "इतक्या कमी रक्तावर ही चालत कशी होती? ही इथं आली कशी?" बाबा माझ्याकडे पाहायला लागले. जणू मीच ते सांगू शकेन.

दोन बाटल्या रक्त द्यायचं ठरलं, तेही सावकाश, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं, कारण एकदम दिलं तर हृदयाला झेपलं नसतं. ब्लड बँकेतून रक्त मिळेल, पण घरच्या दोन माणसांनी बदल्यात द्यायला हवं. बाबा लगेच बाही वर करून उभे राहिले. त्यांचं वजन केलं आणि परत पाठवलं. खोकला विचारला, छाती ऐकली, "आपसे नहीं लेंगे," म्हणाले. आईचं बोट टोचलं. तिचंही रक्त कमी निघालं. आई चकितच झाली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तिला नुसतं थकायला होतं. मी अठराची नव्हते. भाऊजींना निरोप मानपूरच्या बसच्या कंडक्टरबरोबर धाडला, पण ते दुसऱ्या दिवसाशिवाय पोचणार नव्हते.

बाबा निघून गेले. मला वाटलं बाहेर जाऊन बसले असतील.

तासाभरानं वॉर्डच्या बाहेर गलका झाला. पाहते तर गेटवरची आठ माणसं. कुणी कताई खात्यातलं, कुणी रंगाई खात्यातलं, एक जॉबर, म्हणजे मुकादम. सगळ्यांना मी ओळखत होते, पण असं एका ओळीत, सरळ, गप्प उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. नर्सबाई म्हणाल्या, दोनच पाहिजेत. जॉबरकाका म्हणाले, "बहनजी, आठों का देख लो. हम ख़ाली ही बैठे हैं."

आठांतले पाच परत आले. कुणाचं वजन कमी, कुणाचा दाब जास्त, कुणाच्या छातीत घरघर. इतकी वर्षं कापसाची धूळ ओढलेली छाती. तिघांचं घेतलं. त्यांतला एक सुईला इतका घाबरला होता की त्यानं डोळे मिटून मारुतीचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि नर्सबाईंनी झालं म्हणून सांगितलं तरी तो थांबेना. बाहेर आल्यावर त्यांना चहा आणि केळी दिली. रंगाई खात्यातले काका केळं सोलत म्हणाले, "चलो भिया, मिल बंद हुई तब से आज पहली बार हाजिरी लगी." सगळे हसले. बाबापण हसले. मी बाबांना कित्येक महिन्यांत हसताना पाहिलं नव्हतं.

ताईच्या नळीतून रक्त थेंब थेंब उतरत होतं. मी स्टुलावर बसून विज्ञानाचं पुस्तक उघडलं होतं, पण वाचत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी आले. हाताला ग्रीस तसंच. त्यांनी विचारलं, "काय कमी पडलं आमच्याकडे?" ताई म्हणाली, "काही नाही. मला सांगता आलं नाही." ते उठून ब्लड बँकेत गेले आणि, कुणी मागितलं नव्हतं तरी, एक बाटली देऊन आले.

ताई नऊ दिवस तिथं होती. घरी आली तेव्हा तीन पायऱ्या एका दमात चढली आणि वर पोचून मागं वळून आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे खाली उभे राहून श्वास मोजत होतो.

माझ्या बोर्डाच्या परीक्षेत विज्ञानाचा पेपर शेवटून दुसरा होता. त्या दिवशी सकाळी ताईला कळा सुरू झाल्या. आई तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेली आणि बाबांनी मला परीक्षेच्या केंद्रावर पाठवलं. "तू थांबून काय करणार? जा." पेपरात रक्ताभिसरणावर प्रश्न आला होता. मी हृदयाची आकृती काढली, चार कप्पे, बाण, नावं, आणि बाण काढता काढता ताईच्या हाताची नळी आठवली. मी पेन खाली ठेवून दोन मिनिटं नुसती बसले. मग पुन्हा लिहिलं.

बाहेर आले तर केंद्राच्या फाटकापाशी बाबा उभे. त्या एका दिवसाशिवाय बाबा कधी माझ्या शाळेत, परीक्षेला, कुठंच आलेले नव्हते. मुली मागून ढकलत होत्या, मला पुढं जाववेना. बाबा स्वतःच गर्दीतून आले.

"पेपर कसा गेला?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ताई?"

"अरे हो. दोघी ठीक आहेत. मुलगी झाली. पेपर कसा गेला?"

मी तिथंच, सगळ्या मुलींसमोर, त्यांच्या सदऱ्याला तोंड लावून रडले. त्यांना काय करावं कळेना. ते माझ्या डोक्यावर थापट्या मारत राहिले, मागावर धागा तुटला की मारायचे तशा हलक्या. वाटेत ते सांगत होते की पोरीचं वजन चांगलं आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ताईला रक्त चढवलेलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर आज कठीण होतं. "कठीण" हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. मग म्हणाले, "त्या तुझ्या मॅडमना मिठाई द्यायची आहे. कोणती आवडते त्यांना?"

दहावीत मला दुसरा वर्ग मिळाला. मला अकरावीत बायो घ्यायचं होतं आणि त्यासाठी तीच फाटकापलीकडची शाळा होती, जिचा रस्ता आईनं ताईसाठी चालून पाहिला होता. त्याच सुमारास मानपूरहून भाऊजींच्या नात्यातलं एक स्थळही माझ्यासाठी आलं. बाबा तोवर सियागंजच्या बाजारात किराण्याच्या एका ठोक दुकानात मालाची तोलाई करायला लागले होते. गेटवर जाणं सुटलं होतं. खोकला कमी झाला होता. मिल त्यांची गेली आणि छाती त्यांना परत मिळाली, हे ते कधी बोलले नाहीत, पण रात्रभर खोकणारा माणूस आता शांत झोपायचा आणि आईही झोपायची.

स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांना बाबांनी चहा दिला आणि म्हणाले, "हिचे अजून वर्ग राहिलेत." बस्स. ताईच्या वेळेला म्हणाले होते, आठवी भौत झाली. या दोन वाक्यांच्या मध्ये सहा वर्षं होती, आणि हॉस्पिटल होतं.

रस्त्याचं म्हणाल तर आईनं तो पुन्हा चालून पाहिला, या वेळी माझ्याबरोबर. दोन्ही मिल बंद. गेटांना कुलपं, समोर चहाच्या टपऱ्यांची फक्त चौकोनी डाग उरलेले. ज्या गर्दीला ती घाबरली होती ती आता नव्हतीच. एक कुत्रं झोपलं होतं. आई बराच वेळ त्या रिकाम्या रस्त्यावर उभी राहिली. म्हणाली, "जा तू. आता काय भीती आहे." पण तिच्या आवाजात आनंद नव्हता आणि माझ्याही मनात नव्हता. ज्या गोष्टीनं माझा रस्ता मोकळा झाला त्याच गोष्टीनं माझ्या बाकावरच्या मुलीचा बंद झाला होता, हे तेव्हाही मला कळत होतं.

ताई सहा महिने माहेरी राहिली. एका दुपारी बाळाला पाजता पाजता तिनं मला विचारलं, "घरी बसून दहावी देता येते का ग?" मी म्हटलं, येते, स्वाध्यायी म्हणून फॉर्म भरायचा. "मग भर." भाऊजी तिला न्यायला आले तेव्हा तिनं त्यांच्यासमोर फॉर्म ठेवला. मी दाराआड उभी होते. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मी दहावीत दोनदा फेल झालोय. घरात कुणीतरी पास व्हायलाच पाहिजे. तू हो."

ती पहिल्या वर्षी इंग्रजीत राहिली. दुसऱ्या वर्षी पूर्ण पास झाली. टायरच्या दुकानामागं खाटेवर बसून तिनं अभ्यास केला. येणारे-जाणारे ट्रकवाले विचारायचे, भाभी वकील बनणार का. अंगणवाडीसाठी दहावी पास बाई हवी होती तेव्हा मानपूरच्या त्या भागात अर्ज करणाऱ्या दोघीच निघाल्या. तिची निवड झाली. गरोदर बायका तिच्याकडे नाव नोंदवायला येत तेव्हा ती आधी विचारायची, "माती खावीशी वाटते का? खरं सांग, मी पण खाल्लीय." बायका हसायच्या आणि खरं सांगायच्या.

मी लॅबचा कोर्स केला आणि गेली पंचवीसएक वर्षं रक्त तपासते. आता मशीन आहे, टिपकागद नाही. नळी यंत्रात घातली की आकडा येतो. तरी एखादं फिकट रक्त आलं की मी खिडकीतून वाकून ते कुणाचं आहे पाहते आणि विचारते, शाळेत जातेस का.

ताईची मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा मी तिला बायो घ्यायलाच लावणार होते. सगळी पुस्तकं काढून ठेवली होती. तिनं सांगितलं की तिला कॉमर्स घ्यायचंय. मी एक तास समजावलं. रक्ताचंही सांगितलं, तिच्या जन्माचंही सांगितलं, जे सांगायला नको होतं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी ताईच स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला म्हणाली, "छोटी, बस कर ना. तिला निवडू दे. तिच्यासमोर दोन आहेत हेच किती आहे."

तिनं कॉमर्स घेतलं. शहरात, भंवरकुआंला एका होस्टेलमध्ये राहून सी.ए.चे क्लास केले, दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा अर्धी परीक्षा पास झाली आणि मग ते सोडून तिनं एका ऑफिसात नोकरी धरली. खूश आहे. मागच्या महिन्यात तिनं फोन करून विचारलं, "मावशी, ऑफिसात तपासणी झाली, माझं हिमोग्लोबिन साडेतेरा आलंय. चांगलं का?"

मी म्हटलं, "भौत चांगलं." आणि ताईला लगेच फोन लावला.